विश्लेषण : रक्त पाहून भोवळ, उलटी पाहून मळमळ... तरीही परिचारिका होता येते?

वॉर्डातल्या पोस्टिंगचा तिसरा दिवस होता. रात्री साडेदहाला माझ्या मामेबहिणीचा फोन आला. भोकरदन तालुक्यातल्या गावातून ती जालन्यात जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आली होती. ‘‘दादा, मला हे जमणार नाही. पप्पांना तू सांगशील का?’’ एवढेच बोलली आणि रडायला लागली. अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांची चादर बदलायची होती. कूस वळवताच वास आला, हिला ओकारी आली आणि ती तोंडावर हात धरून बाहेर पळाली. परत आली तेव्हा आजोबांनी तोंड भिंतीकडे केले होते. तिला सर्वांत जास्त लागले ते हेच. तिची फी मामाने कापसाच्या पैशांतून भरलेली. परत गेली असती, तर वर्षभरात तिचे लग्न उरकले असते.

मी यांत्रिकी अभियांत्रिकीचा पदवीधर. काही वर्षांपूर्वी वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्याजवळ रात्रभर थांबलो होतो, तेव्हा लघवीची पिशवी भरली की रिकामी करायला दर वेळी सिस्टरला हाक मारायचो. त्यामुळे तिला धीर देण्याचा मला अधिकार नव्हता. पण प्रश्न खरा आहे. जिल्ह्यातल्या अनेक मुली, आणि आता मुलेही, बारावीनंतर एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगकडे वळतात. प्रवेशाच्या वेळी टक्केवारी, जातीचा दाखला, फी या सगळ्यांची चौकशी होते. रक्त, लघवी, शौच, पू, बेडका यांच्याशी रोज हात लावून काम करावे लागेल, हे मात्र बहुतेकांना वॉर्डात उभे राहिल्यावरच कळते. तेव्हा होते काय, ते जाते का, आणि जात असेल तर कसे, याचा हा आढावा.

किळस येते म्हणजे नेमके काय होते?

ओठ वर जाणे, नाक आक्रसणे, जीभ पुढे येणे ही किळसेची मुद्रा सगळीकडे सारखीच दिसते, असे चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये भावनांच्या अभिव्यक्तीवरील पुस्तकात लिहिले होते. तोंडात गेलेले नकोसे काही बाहेर टाकायचे, त्याचीच ही तयारी. पुढे लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधील संशोधक व्हॅलेरी कर्टिस यांनी किळस ही रोगापासून वाचवणारी यंत्रणा आहे, अशी मांडणी केली. २००४ मध्ये त्यांच्या चमूने एक ऑनलाइन पाहणी प्रसिद्ध केली. १६५ देशांतील सुमारे ४० हजार लोकांना छायाचित्रांच्या जोड्या दाखवल्या होत्या. बशीतला एकच द्रव, एकात निळा, दुसऱ्यात पू-रक्तासारख्या रंगाचा. दुसरा लोकांना कितीतरी जास्त किळसवाणा वाटला.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आमचे हात कोपरापर्यंत ग्रीसने भरायचे. कपडे खराब व्हायचे, आई ओरडायची, पण कोणाला ओकारी आली नाही. ग्रीस घाण आहे, पण ती शरीरातून आलेली घाण नाही. मेंदू हा फरक क्षणात करतो. वॉर्डात ज्या मुलीला मळमळते तिचा मेंदू बिघडलेला नसतो. हजारो वर्षे ज्या कामासाठी तो घडला, तेच काम तो करत असतो. फक्त तिने निवडलेला व्यवसाय त्याच्या उलट दिशेने जाणारा आहे.

या उपजत भागावर शिकवलेला भाग चढतो. आपल्याकडे तो जाडच आहे. बाळंतिणीचा विटाळ, पाळीचा विटाळ, कोणी कशाला शिवायचे आणि कोणी नाही, हे मुलगी चालायला लागते तेव्हापासून ऐकत असते. अनेक गावांत बाळंतपणात नाळ कापण्याचे, वार पुरण्याचे काम ज्या सुईणीकडे असे, ती बहुधा दलित समाजातली असे. तिच्या हातांनी मूल जगात यायचे आणि तिचाच स्पर्श नंतर घराला चालत नसे. वॉर्डातली पहिली किळस नाकातून येते तितकीच घरातूनही येते. हे विद्यार्थिनीला कोणी सांगत नाही. ती स्वतःलाच ‘नाजूक’ समजून बसते.

भोवळ आणि मळमळ या एकच गोष्टी आहेत का?

नाहीत. आणि इथेच सर्वाधिक गोंधळ होतो, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा, किंबहुना उलटा आहे.

भीती वाटली की एरवी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांत मात्र सुरुवातीला तो थोडा चढतो आणि मग एकदम कोसळतो. व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाची गती मंदावते, पायांतील रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूकडे जाणारे रक्त कमी होते. डोळ्यांपुढे अंधारी, कानात गुंई, थंड घाम, आणि माणूस खाली. वैद्यकीय भाषेत याला ‘व्हॅसोव्हेगल सिंकोप’ म्हणतात. रक्त, जखम आणि सुई यांचे तीव्र भय साधारण तीन ते चार टक्के लोकांत आढळते आणि ते बऱ्याचदा एकाच कुटुंबात अनेकांना असते. म्हणजे ज्या मुलीला भोवळ येते, तिच्या वडिलांना किंवा आत्यालाही इंजेक्शन घेताना आली असण्याची शक्यता बरीच.

अशा मुलीला सगळे काय सांगतात? ‘रिलॅक्स हो, अंग सैल सोड, लांब श्वास घे.’ रक्तदाब आधीच पडत असताना अंग सैल सोडणे म्हणजे त्याला आणखी वाट करून देणे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८०च्या दशकात नेमके उलटे तंत्र विकसित केले. त्याला ‘अप्लाइड टेन्शन’ म्हणतात. हात, पाय, पोट यांचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग सोडायचे, पण पूर्ण ढिले पडायचे नाही. २०-३० सेकंद थांबून पुन्हा. असे पाच वेळा. आधी घरी, दिवसातून काही वेळा सराव करायचा. मग रक्ताचे चित्र पाहताना, मग दुसऱ्याचे रक्त काढताना पाहताना. स्नायू आवळले की रक्तदाब टिकून राहतो आणि भोवळ टळते. बाहेरून कोणाला काही कळतही नाही. मूठ वळलेली तेवढी दिसते.

यात जोडायच्या बाबी साध्या आहेत, पण होस्टेलवर त्यांचाच विसर पडतो. सकाळी सातची पोस्टिंग म्हणून चहा-बिस्किटावर निघू नये, नीट खाऊन, पाणी पिऊन जावे. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये तर हे फारच महत्त्वाचे. गुडघे ताठ करून एका जागी उभे राहू नये. अंधारी आली की हातातला ट्रे खाली ठेवून तिथेच खाली बसावे. लाजेपोटी भिंतीला टेकून उभे राहिल्यानेच डोक्याला लागते. आणि ट्यूटरला आधीच सांगून ठेवावे.

मळमळीचे गणित वेगळे. तिथे रक्तदाब पडलेला नसतो, पोट उलटलेले असते. तिथे संथ श्वास, काही क्षण नजर दुसरीकडे, मास्कच्या आत तोंडाने श्वास, हे चालते. बाम किंवा पेपरमिंटचा थेंब मास्कला लावण्याची पद्धत जगभरच्या वॉर्डांत आहे. सुरुवातीच्या दिवसांत तिने आधार मिळतो, पण ती कायमची सवय का करू नये, ते पुढे येईल.

‘सवय होते’ म्हणजे काय होते?

हे वाक्य प्रत्येक सिनियर ऐकवते. ते खरे आहे, पण अर्धवट.

वासाची सवय सर्वांत लवकर होते. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत नाक त्याची नोंद घेणे कमी करते. अत्तराच्या दुकानातल्या माणसाला अत्तराचा वास येत नाही, तसेच. म्हणून वॉर्डाच्या दारातले पहिले मिनिट सर्वांत कठीण असते. दारातून परत फिरणाऱ्याला ते मिनिट पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सोसावे लागते. आत थांबणाऱ्याला एकदाच.

बाकीची सवय मात्र सरसकट होत नाही. किळसेवरील संशोधनातले मोठे नाव असलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी २००८ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही महिने शवविच्छेदन केल्यावर थंड मृतदेहाला हात लावण्याची त्यांची किळस कमी झाली. नुकत्याच मृत्यू पावलेल्या, अजून उबदार असलेल्या देहाबद्दलची किळस मात्र जवळपास तशीच राहिली. ज्याला हात लावला, तेवढेच सोपे झाले.

नवख्या परिचारिकेसाठी याचा अर्थ व्यवहारी आहे. रक्ताची सवय झाली म्हणून बेडक्याची होईल असे नाही. शौच साफ करताना काही वाटत नाही, पण बेडसोरमधला पू पाहून पोटात ढवळते, असे अगदी घडू शकते. प्रत्येक गोष्टीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. म्हणून ‘मला कशाकशाची किळस येते’ अशी सरळ यादी लिहून काढणे उपयोगी पडते. त्यातल्या सर्वांत सोप्यापासून सुरुवात करायची. आधी नुसते बघायचे, मग दुसरी मुलगी करत असताना ट्रे धरायचा, मग अर्धे काम, मग पूर्ण. पाण्यात ढकलून पोहायला शिकवण्याची पद्धत काही ट्यूटरना आवडते. काही मुली तशा शिकतातही. ज्या बुडतात त्या पुढच्या सेमिस्टरला दिसत नाहीत.

दुसरी एक गोष्ट कोणत्याही आईला विचारा. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आयांना स्वतःच्या आणि परक्या बाळाच्या वापरलेल्या लंगोटांचा वास घ्यायला लावला. स्वतःच्या बाळाचा वास त्यांना कमी किळसवाणा वाटला. कोणता लंगोट कोणाचा हे माहीत नसतानाही. ओळखीने, मायेने किळस उतरते. वॉर्डात याचा उपयोग करता येतो. ‘बेड नंबर १४’चा पॅन काढणे आणि परतूरच्या, दोन एकर मोसंबी राखलेल्या, नातवाच्या आठवणीने रडणाऱ्या आजीचा पॅन काढणे यांत नाकाला फरक पडतो. आधी दोन मिनिटे बोलून घेतले तर हात कमी थरथरतो. यासाठी खर्च शून्य आहे. वेळ लागतो, आणि भरलेल्या वॉर्डात तोच नसतो, ही अडचण खरीच.

घाण केव्हा माहिती होते?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. अनुभवी परिचारिकेचे नाक मेलेले नसते. तिने त्या द्रवाला विचारायचा प्रश्न बदललेला असतो. नवखी विचारते, ‘हे कधी संपेल?’ अनुभवी विचारते, ‘हे किती आहे, कोणत्या रंगाचे आहे, काल असे होते का?’

शौच डांबरासारखी काळी आणि चिकट असेल, तिला विशिष्ट उग्र वास असेल, तर जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव होत असण्याची शंका येते. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले तरी तीच शंका. तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब हे कॉलऱ्याचे जुने, ओळखीचे लक्षण. मधुमेही रुग्णाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास आला तर रक्तात आम्ल साचत असल्याची ती धोक्याची घंटा. ड्रेसिंग उघडताच हिरवट स्राव आणि वेगळा वास आला तर जखमेत विशिष्ट जिवाणू वाढल्याची शक्यता. हे सगळे डॉक्टरांच्या राउंडच्या आधी ज्या व्यक्तीच्या नाकाला कळते, ती परिचारिका. म्हणून बामचा थेंब कायमचा नको. तो वासाबरोबर बातमीही झाकतो.

लघवीचेच घ्या. मी वडिलांच्या पलंगाशी जी पिशवी हातात धरायला कचरत होतो, तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा होत्या. मोठ्या माणसाची लघवी साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्धा मिलि तरी व्हायला हवी. ६० किलोच्या रुग्णाला तासाला ३० मिलि. त्याखाली जात राहिली तर शरीरात पाणी कमी पडते आहे, रक्तदाब पुरेसा नाही किंवा मूत्रपिंड थकते आहे. ‘इनटेक-आउटपुट चार्ट’ नावाच्या त्या साध्या तक्त्यावर शस्त्रक्रियेनंतरची रात्र उभी असते. चार वर्षे फ्लो रेट आणि कॅलिब्रेशन शिकून मला ती पिशवी मोजमापाचे साधन आहे हे दिसले नाही. बारावी झालेल्या सिस्टरला ते दिसत होते.

याचे सर्वांत ठोस उदाहरण आपल्या सीमेवरच्या बेळगाव जिल्ह्यातले आहे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण. नैसर्गिक प्रसूतीनंतर ५०० मिलि किंवा त्याहून जास्त रक्त गेले की तो अतिरक्तस्राव मानण्याची रीत रुळलेली आहे. पण चादरीत, फरशीवर, कापसात गेलेले रक्त मोजायचे कसे? बहुतेक ठिकाणी नजरेच्या अंदाजाने. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह एक साधे प्लास्टिकचे आच्छादन वापरले. प्रसूतीनंतर ते स्त्रीच्या खाली सरकवायचे. खालच्या बाजूला रेघा असलेली निमुळती पिशवी, त्यात रक्त साचते आणि किती ते दिसते. नजरेचा अंदाज या पिशवीतल्या मोजमापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. डोळा रक्त कमी धरतो, कारण त्याला तिकडे बघायचेच नसते, असे म्हणायचा मोह होतो. पण अनुभवी डोळेही चुकतात, हे मान्य करायला हवे.

त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएमनी केलेल्या १,६२० प्रसूतींवरील चाचणीत हेच आच्छादन वापरले गेले. प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्या स्त्रियांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आल्याचे २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०२३ मध्ये चार आफ्रिकी देशांतील दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीत रेघांच्या आच्छादनाने रक्त मोजणे आणि लगेच ठरावीक उपचारांचा संच देणे यामुळे गंभीर रक्तस्राव, त्यामुळे करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि मृत्यू हे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. रक्ताकडे तोंड न फिरवता बघणे, पिशवीवरचा आकडा वाचणे आणि वेळेत हाक मारणे हे परिचारिकेचे काम. जालन्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात असो की घनसावंगीच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ते सारखेच.

जे जास्त किळसवाणे तेच जास्त धोकादायक का?

इथे आपली उपजत यंत्रणा चक्क फसवते. उलटीचा वास सहन होत नाही म्हणून मुलगी दोन-दोन हातमोजे घालते आणि स्वच्छ दिसणारी, थेंबभर रक्त लागलेली सुई मात्र सहज हातात धरून टोपण लावायला जाते. आकडे बघा. हेपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या व्यक्तीला संक्रमित रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के मानली जाते. एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. गावाकडे पालक विचारतात ते एचआयव्हीचे. हेपॅटायटिस बीचे नाव क्वचितच निघते. अखंड, न कापलेल्या त्वचेवर रक्त पडले तर पाण्या-साबणाने धुणे पुरते.

म्हणून पहिल्या पोस्टिंगच्या आधी विद्यार्थिनीने, आणि पालकांनीही, कॉलेजला विचारायचा प्रश्न एकच : हेपॅटायटिस बीची लस कधी देणार? तीन डोस असतात. पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण तयार झाले का ते बघता येते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा समावेश आहे.

सुई टोचलीच तर? जागा साबण-पाण्याने धुवायची. दाबून रक्त काढायचे नाही, बोट तोंडात घालायचे नाही, स्पिरिट चोळायचे नाही. लगेच इन्चार्जना सांगायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, ती २८ दिवस घ्यायची असतात. ‘ओरडतील’ म्हणून रात्रभर गप्प बसणे ही यातली सर्वांत महाग चूक.

बाकी शिस्त ठरलेली आहे. प्रत्येक रुग्णाचा प्रत्येक स्राव संसर्गजन्य आहे असे धरूनच वागायचे, तोंड पाहून नव्हे. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताने भिजलेला कापूस-बँडेज पिवळ्यात, नळ्या-हातमोजे-कॅथेटर लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. सांडलेल्या रक्तावर आधी शोषणारा कपडा, मग हायपोक्लोराइट, थोडा वेळ थांबून मग पुसणे. ही क्रिया पाठ झाली की किळसेला एक विचित्र उतारा मिळतो. हातांना पुढची पायरी माहीत असते, त्यामुळे मनाला घुटमळायला वेळ उरत नाही. जिला पुढे काय करायचे ते माहीत नाही तीच सांडलेल्या रक्ताकडे बघत उभी राहते.

हे काम ‘आपले’ नाही, असे वाटते तेव्हा...

सरकारी वॉर्डात बेडपॅन बहुधा नातेवाईक देतात, नाहीतर ‘मावशी’. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात एक धडा न शिकवता शिकवला जातो : सिस्टर झाले की या कामातून सुटका. पांढरा कोट किंवा टोपी ही वरची पायरी आणि पॅन ही खालची. जुनी उतरंड नवा गणवेश घालून येते.

महाराष्ट्रात ही उतरंड मोडणारे लोक झाले. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवले आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदू घरांतल्या स्त्रियांना, त्यात विधवाही होत्या, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले. परक्या पुरुषाचे अंग पुसणारी बाई ही तेव्हाच्या पांढरपेशा घरांना न झेपणारी कल्पना होती.

सर्वांत प्रांजळ उदाहरण बाबा आमटे यांचे. वरोऱ्यात सफाई कामगारांसोबत मैला डोक्यावरून वाहणारा हा माणूस. एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पाहून ते घाबरून पळून गेले. मैल्याची किळस जिंकलेल्याला कुष्ठाच्या जखमांनी हरवले. सवय एकेका गोष्टीची होते, हे रोझिन यांच्या अभ्यासाच्या कितीतरी आधी इथे घडले होते. ते परत गेले, त्या माणसाची अखेरपर्यंत सेवा केली, पुढे कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले आणि आनंदवन उभे राहिले. पळून गेल्याचे त्यांनी कधी लपवले नाही.

चेहऱ्याचे काय करायचे?

पोटातली मळमळ रुग्णाला दिसत नाही. चेहरा दिसतो. अंथरुणातच शौच झालेला माणूस आधीच अर्धमेला झालेला असतो. वयाने आजोबा असलेल्या पुरुषाला नातीच्या वयाची मुलगी स्वच्छ करते तेव्हा तो तिच्या कपाळावरची आठी शोधत असतो. ती दिसली की पुढच्या वेळी तो सांगत नाही, दाबून धरतो. कित्येक वृद्ध तर पॅन मागावा लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. मग बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, बेडसोर.

म्हणून चेहऱ्याचा सराव हा वैद्यकीय सराव आहे. मास्क उपयोगी पडतो, पण डोळे उघडेच असतात. काम करताना रुग्णाशी दुसऱ्या विषयावर बोलत राहणे हा जुना मार्ग. गाव कुठले, पाऊस झाला का, सोयाबीनला भाव काय. ओकारी आवरत नसेल तर ‘एक मिनिट, पाणी घेऊन येते’ म्हणून शांतपणे बाहेर जावे आणि त्या मिनिटाला खरोखरच परत यावे.

आणि नाहीच गेली तर?

बहुतेकांची काही आठवड्यांत, काहींची काही महिन्यांत इतकी कमी होते की काम अडत नाही. काहींची होत नाही. रोज पोस्टिंगच्या आदल्या रात्री झोप न येणे, दर वेळी बेशुद्ध पडणे, घरीही हात धूत राहणे असे असेल तर तो नाजूकपणा नव्हे, उपचार होऊ शकणारी अडचण आहे. रक्त-सुईच्या भयावर मानसोपचारतज्ज्ञांकडे थोड्या भेटींत बराच फरक पडतो. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येते. मनोरुग्ण परिचर्या, सामुदायिक आरोग्य, अध्यापन अशा शाखांत शरीरस्रावांशी संबंध कमी येतो, पण तिथे पोहोचण्याआधी मेडिकल, सर्जिकल आणि प्रसूती कक्षातून जावेच लागते. आणि सगळे करूनही नको वाटले तर सोडण्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला घ्यायचा नसतो.

बहिणीला त्या रात्री मी यातले काहीच सांगितले नाही. मला माहीतच नव्हते. ‘‘पुढच्या सोमवारपर्यंत थांब, मग मी मामाशी बोलतो,’’ एवढे म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिने ट्यूटरना सांगितले. त्यांनी तिला दोन दिवस फक्त इनटेक-आउटपुट चार्ट भरायला बसवले. पिशवीपर्यंत जायचे, वाकायचे, रेघ वाचायची, लिहायची. तिसऱ्या दिवशी पिशवी रिकामीही तिनेच केली. त्या आजोबांकडे ती पुन्हा गेली तेव्हा त्यांनी तिला ओळखले की नाही, तिला कळले नाही. तिने मात्र त्यांचे गाव विचारून घेतले. मंठ्याकडचे निघाले.

आता ती प्रसूती कक्षात आहे. रक्ताचे काही वाटत नाही म्हणते. वार पूर्ण आली का ते उलटून-पालटून बघायला तिला आवडते. सक्शन करताना बेडका नळीतून वर येतो तो आवाज अजूनही नको वाटतो, त्या वेळी ती पायाची बोटे बुटात घट्ट आवळते. परवा फोनवर सहज विचारले, ‘‘तेव्हा पप्पांना सांगितलं होतंस का रे?’’ सांगितले नव्हते. मामाला अजून माहीत नाही.